सिव्ह ७ च्या पहिल्या एक्स्पान्शनची वाट बघण्यात अर्थ आहे का?

सह्यकडा (डिसेंबर २०२५)

सिव्हिलायझेशन ७, म्हणजे प्राचीन काळापासून आपली संस्कृती वाढवत नेण्याचा पाळीपाळीने खेळायचा संगणकीय गेम, येऊन वर्ष होत आलं. ११ फेब्रुवारी २०२५ ला गेम बाजारात आला, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंचा कौल अजून 'मिश्र'च आहे, आणि कुठेही तक्रार केली की एकच उत्तर मिळतं: "थांब रे, एक्स्पान्शन येऊ दे." मोठ्या एक्स्पान्शनची (मूळ गेमवर पैसे देऊन घ्यायची मोठी भर) साधी घोषणाही झालेली नाही, तरी सगळ्यांनी सगळी भिस्त त्याच्यावर टाकली आहे. मला वाटतं, या वेळी ही भिस्त चुकीच्या जागी आहे.

आधी काय झालं ते बघू. सप्टेंबर २०१० मध्ये सिव्ह ५ आला तेव्हा त्यात धर्म नव्हता, हेर नव्हते. सिव्ह ४ मुरवून आलेले लोक चिडले. जून २०१२ मध्ये गॉड्स अँड किंग्जने दोन्ही आणले. जुलै २०१३ मध्ये ब्रेव्ह न्यू वर्ल्ड आलं आणि व्यापारी मार्ग, पर्यटन, विचारसरणी, जागतिक परिषद हे सगळं मिळालं. सिव्ह ६ चं तेच. ऑक्टोबर २०१६ चा मूळ गेम, फेब्रुवारी २०१८ मध्ये राइज अँड फॉल (निष्ठा, गव्हर्नर, सुवर्णयुग आणि अंधारयुग), बरोबर वर्षभराने गॅदरिंग स्टॉर्म (पूर, ज्वालामुखी, वाढता समुद्र). म्हणून आपल्याला सवय लागली आहे की मूळ गेम म्हणजे मसुदा, खरा गेम दोन एक्स्पान्शननंतर.

पण त्या प्रत्येक वेळी मूळ गेममध्ये काहीतरी कमी होतं आणि ते भरून निघालं. सिव्ह ७ मध्ये लोकांना जे खटकतंय ते कमी पडलेलं नाहीये, ते मुद्दाम घातलेलं आहे. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खेळाची तीन युगं केली आहेत. प्राचीन, शोधयुग, आधुनिक. पहिल्या दोन युगांच्या शेवटी संकट येतं, पडदा पडतो, आणि सगळ्यांना नवी संस्कृती निवडावी लागते. नेता तोच. म्हणजे ऑगस्टस रोममध्ये सुरू करतो, मग नॉर्मन होतो, मग फ्रेंच. राजधानी सोडून बाकीची शहरं परत गावं होतात. सेनापतीच्या हाताखाली न बसलेलं सैन्य गेम आला तेव्हा चक्क गायब व्हायचं. हे काढायचं तर गेमचा पायाच उकरावा लागेल.

गेम बनवणाऱ्या फिराक्सिसलाही हे कळलंय. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच सांगितलं की एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता येईल अशा पर्यायावर काम चालू आहे. मग मुख्य दुखण्यावरचं औषध फुकटच्या अपडेटमधून येणार असेल तर एक्स्पान्शनसाठी पैसे कशाचे मोजायचे?

आणि पैशांचं बोलायचं तर, पहिल्या वर्षातले क्रॉसरोड्स ऑफ द वर्ल्ड आणि राइट टू रूल हे दोन्ही संच ३०-३० डॉलरचे. प्रत्येकात चार संस्कृती, दोन नेते. याच ३० डॉलरला राइज अँड फॉलने आठ संस्कृती, नऊ नेते आणि अख्खी नवी यंत्रणा दिली होती. किरकोळ विक्रीचा हा भाव असेल तर घाऊक माल कसा असेल याचा अंदाज करा.

जुना_खेळाडू

इतिहास सांगितलास, पण अर्धा. "एक्स्पान्शन फक्त भर घालतात, पायाला हात लावत नाहीत" हे साफ चूक आहे. ब्रेव्ह न्यू वर्ल्डने किती गोष्टी काढून टाकल्या ते आठव.

आधी नदीकाठच्या टाइलवर (नकाशावरच्या घरात) आपोआप सोनं मिळायचं. काढलं, कारण पैसा व्यापारी मार्गांतून यावा असं त्यांना हवं होतं. स्वातंत्र्य, व्यवस्था आणि हुकूमशाही ही तीन धोरणांची झाडं होती. ती उपटून त्यांची विचारसरणी केली. सांस्कृतिक विजय म्हणजे पूर्वी काय होतं? पाच झाडं पूर्ण करा आणि युटोपिया प्रकल्प बांधा. कोपऱ्यात तीन-चार शहरं घेऊन बसायचं आणि एंटर दाबत राहायचं. तो सगळा प्रकार फेकून देऊन त्यांनी चित्रकार, लेखक, संगीतकार, उत्खनन आणि पर्यटन असा पूर्ण नवा खेळ उभा केला. त्याच्या आधी गॉड्स अँड किंग्जने तुकड्यांचं बळ दहावरून शंभरावर नेलं आणि लढाईचं सगळं गणित पालटलं. हे पायाला हात लावणं नाही तर काय?

हे दोन्ही एक्स्पान्शन रचणारा मुख्य माणूस एड बीच. सिव्ह ६ ची मूळ रचना त्याचीच आणि सिव्ह ७ चा सर्जनशील दिग्दर्शकही तोच. स्वतःच्या हातचं मोडून परत बांधायची त्याची ख्याती आहे. मी वाट बघणार.

सह्यकडा

@जुना_खेळाडू, नदीचं सोनं विसरलो होतो हे खरं, पण माझा मुद्दा कायम आहे. तू सांगितलंस ते सगळं 'जिंकायचं कसं' यातलं. 'मी कोण' हे कधीच बदललं नाही. झुलू म्हणून सुरुवात केली की झुलू म्हणूनच शेवट.

आणि खरा पाया म्हणशील तर सिव्ह ५ मध्ये एका षटकोनात एकच तुकडी हा नियम होता. २०१० पासून लोक त्यावर बोंबलत होते. खिंडीत सैन्य अडकायचं, कामगार वाट अडवायचे. दोन्ही एक्स्पान्शनने त्याला बोट लावलं नाही. सिव्ह ६ मध्येही थोडी सवलत देऊन तो नियम राहिलाच. खरं उत्तर सापडलं ते सिव्ह ७ मध्ये: सेनापतीच्या हाताखाली सैन्य भरायचं, हलवायचं, लढायच्या वेळी बाहेर काढायचं. म्हणजे पायातली चूक दुरुस्त व्हायला पुढचे दोन गेम लागले. दोन एक्स्पान्शन नाही!

कोकणकन्या

मला मुळात ही 'चूक'च वाटत नाही.

सिव्ह ६ मनापासून आवडतो, पण खरं सांगा, तुमच्यापैकी किती जण डाव शेवटपर्यंत नेता? मध्यावरच कळतं की आपण जिंकलो. त्यानंतर शंभरेक टर्न (पाळ्या) नुसतं पुढे-पुढे दाबायचं, दर टर्नला पंचवीस शहरांत काय बांधू विचारणार, वर जागतिक परिषदेत काहीतरी निरर्थक ठरावावर मत द्यायचं. मी तरी तिथे नवीन डाव सुरू करते. बहुतेक लोक डाव पूर्ण करत नाहीत हे कारण फिराक्सिसनेही युगं करताना सांगितलं होतं. सिव्ह ७ मध्ये दुसऱ्या युगात पुन्हा चुरस तयार होते. पलीकडचे देश सापडतात, खजिन्याची गलबतं सुखरूप घरी आणायची असतात. हा भाग मला फार आवडतो.

मला एक्स्पान्शनमधून हवंय ते चौथं युग. आत्ताचा खेळ संपतो कुठे बघा. लष्करी विजयाचा शेवटचा प्रकल्प ऑपरेशन आयव्ही, म्हणजे अमेरिकेने १९५२ मध्ये हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली ते. विज्ञानाचा विजय माणूस अवकाशात पाठवला की झाला. इंटरनेट, हवामानबदल, काहीच नाही. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये कोळसा जाळून वीज केली की किनाऱ्यावरच्या टाइल एकेक करून बुडायच्या, मग तटबंदी बांधायला धावाधाव. ते परत हवं आहे आणि त्यासाठी जागा राखून ठेवली आहे हे उघड दिसतंय. नुसत्या अपडेटमध्ये अख्खं युग कोण देणार?

षटकोन

@कोकणकन्या, "जागा राखून ठेवली आहे" हीच तर तक्रार आहे ना! सत्तर डॉलर देऊन इतिहास १९५०च्या आसपास थांबतो, पुढचा भाग नंतर विकत मिळेल. सिव्ह ५ अर्धवट आला असं म्हणतात, पण निदान त्यात भविष्यकाळापर्यंत जाता यायचं. विशाल रोबो होता हो त्यात!

आणि सुरुवातीला तर शहराचं नावसुद्धा बदलता येत नव्हतं. जिंकल्यावर पुढे खेळत राहायला 'अजून एक टर्न' नव्हता. ज्या मालिकेची ओळखच 'अजून एक टर्न' ही, तिच्यात ते बटण अपडेटने आणावं लागलं.

कोकणकन्या

रोबोचं मान्य. :-)

लॉकडाऊन_सेटलर

माझा हिशेब सोपा आहे. मे २०२० मध्ये एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानवाल्यांनी सिव्ह ६ फुकट वाटला तेव्हा घरात बसून बसून कंटाळलेल्या आमच्या अख्ख्या ग्रुपने तो घेतला. आमच्यातला एकही त्याआधी असले गेम खेळणारा नव्हता. नंतर सेलमध्ये दोन्ही एक्स्पान्शन घेतली, तीही मूळ किमतीच्या चतुर्थांशात वगैरे. गेम पूर्ण, पॅच पूर्ण, मॉड (खेळाडूंनी स्वतः केलेली भर) तयार, यूट्यूबवर सगळं शिकवायला लोक बसलेले.

मग सिव्ह ७ साठी वेगळं का वागू? २०२८ मध्ये घेईन, सगळं एकत्र. तोवर ५ आणि ६ आहेतच. आजही स्टीमवर हे दोन जुने गेम खेळणारे सातव्यापेक्षा जास्त असतात.

जुना_खेळाडू

सगळ्यांनी असाच हिशेब केला तर २०२८ मध्ये घ्यायला काही उरणार नाही. पहिल्या वर्षी गेम विकला गेला नाही की वरचे लोक एक्स्पान्शनची माणसं कमी करतात. याच सप्टेंबरमध्ये फिराक्सिसमध्ये नोकरकपात झालीच. फुकटात खेळायला बसलेल्यांनी "पूर्ण झाल्यावर घेऊ" म्हणायचं आणि पूर्ण करायला पैसे मात्र दुसऱ्यांनी द्यायचे!

लॉकडाऊन_सेटलर

साहेब, ती कंपनी आहे, सहकारी सोसायटी नाही. मी भागधारक नाही. विकण्यालायक झालं की विकत घेतो, एवढाच आमचा संबंध.

पेठेतला

आता मूळ प्रश्नावर या. एक्स्पान्शनमध्ये मराठे येणार का?

तीन युगांतली भारताची साखळी काय दिली आहे? मौर्य, मग चोळ, मग मुघल. चोळ आले याचा आनंद आहे, आरमार असलेली दक्षिणेतली सत्ता म्हणून त्यांचा मान आहेच. पण *आधुनिक* युगात मुघल? १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाह आलमला स्वतःच्या संरक्षणात तख्तावर आणून बसवलं. १७८४ मध्ये महादजी शिंदे वकील-इ-मुतलक (बादशहाचे मुखत्यार) झाले. ज्या काळात बादशहाचा कारभार शिंद्यांच्या छावणीतून चालत होता, त्या काळाचा झेंडा मुघलांच्या हातात?

वर राइट टू रूलमध्ये झाशीची राणी आणली. आनंदच आहे, तांब्यांची लेक आणि नेवाळकरांची सून. पण तिला आधुनिक युगात भारतीय म्हणून खेळवायचं तर हाताशी मुघलच. तीस डॉलर देऊन हे बघायचं?

निळी_शाई

@पेठेतला, १८५७ पुरतं बोलायचं तर हे तुम्हाला वाटतं तितकं विचित्र नाही. मेरठची पलटण उठली ती थेट दिल्लीला गेली आणि तिने बहादुरशहालाच बादशहा म्हणून पुढे केलं. नानासाहेबांच्या बाजूनेही त्याच्या नावाला मान दिला गेला. तेव्हा राणी आणि मुघल झेंडा एका पटावर येणं ही काही फिराक्सिसची अडाणी चूक नाही.

संस्कृती म्हणून मराठे हवेत याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. एम्पायर: टोटल वॉर या गेममध्ये २००९ सालीच मराठे खेळता येत होते आणि तो पट सुरू होतो १७०० ला, म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली त्याच वर्षी. सिव्हने मात्र आजवर एकाही भागात अधिकृतपणे मराठे दिले नाहीत. भारत म्हटलं की गांधी, मग अशोक, मग चंद्रगुप्त.

पेठेतला

झेंड्याचं पटत नाही, पण असो. महाराजांना नेता म्हणून आणायलाच हवं आता.

निळी_शाई

इथेच मला थांबावंसं वाटतं. सिव्हमध्ये नेता म्हणजे काय होतो ते आठवा. संगणक चालवत असेल तर तो नेता उगाच धमक्या देतो, विनाकारण युद्ध पुकारतो, दोन लोखंडाच्या बदल्यात शहर मागतो, आणि हरला की पडेल चेहऱ्याने निरोपाचं वाक्य बोलतो. महाराजांच्या तोंडी ते वाक्य कोण लिहिणार? आणि आपल्याकडे ते कसं घेतलं जाईल?

हे काल्पनिक भय नाही. ब्रेव्ह न्यू वर्ल्डसाठी अमेरिकेतल्या मूलनिवासी प्वेब्लो लोकांचा पोपे हा नेता म्हणून ठरला होता. तिथल्या ज्येष्ठांनी हरकत घेतली तेव्हा फिराक्सिसने ती संस्कृतीच सोडून दिली आणि शोशोनी आणले. राइज अँड फॉलमध्ये क्री लोकांचा पाउंडमेकर आला तेव्हा कॅनडातल्या त्याच्याच समाजातून टीका झाली की, आमची मूल्यं जमीन जिंकत सुटण्याची नव्हती आणि तुम्ही त्याला तेच करायला लावताय.

आता गंमत बघा. ज्या गोष्टीवर सह्यकडा नाराज आहेत, तिनेच ही अडचण सोडवली आहे. सिव्ह ७ मध्ये नेता आणि संस्कृती वेगळे. मराठे ही संस्कृती म्हणून आणा: गडांची साखळी, चौथाई, बारगीर आणि शिलेदार, कान्होजींचं आरमार. नेता कोणीही असू दे. वाटलं तर ताराबाईंना नेता करा, नाहीतर लक्ष्मीबाई आहेतच. आधीच्या सहाही भागांत नेत्याशिवाय संस्कृती आणताच आली नसती. मी या एक्स्पान्शनची वाट बघतेय ती मुख्यतः यासाठी.

सह्यकडा

हा मुद्दा चांगला आहे, निळी_शाई. पण त्यातून एक वाकडा प्रश्न निघतो. मराठे येणार ते एकाच युगापुरते. समजा आधुनिक युगात. म्हणजे पहिली दोन युगं तुम्ही मौर्य आणि चोळ म्हणून खेळणार, आणि शेवटचे शंभरेक टर्न मराठे. एका युगापुरत्या मराठ्यांवर समाधान मानायचं?

आणि एकच संस्कृती शेवटपर्यंत नेण्याचा पर्याय आला तर ख्रिस्तपूर्व चार हजारात गडाशिवायचे, घोड्याशिवायचे मराठे काय करणार? त्यांचं सगळं वैशिष्ट्य तर एकाच युगासाठी बेतलेलं असेल. तो पर्याय नीट चालवायचा तर प्रत्येक संस्कृतीला तिन्ही युगांत काहीतरी द्यावं लागेल. तेवढं काम एक्स्पान्शनने केलं तर मी शब्द मागे घेऊन पैसे मोजीन.

पेठेतला

सिव्ह ५ मध्ये इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांची अमेरिका चालत होती ना सगळ्यांना? वॉशिंग्टन दगडी हत्यारं घेऊन फिरायचा. आपलेच मराठे बरे नको झाले.

डोंबिवली_फास्ट_टर्न

स्टीमच्या वर्कशॉपवर सिव्ह ५ साठी मराठ्यांचे मॉड आहेत. लोकांनी हौसेने केलेत, काही खरंच चांगले आहेत. अडचण एकच: मॉड लावून मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं म्हणजे डोक्याला ताप. अधिकृत यावं ते त्यासाठी.

न्यूजर्सीकर

युगागणिक संस्कृती बदलायची कल्पना ह्यूमनकाइंड या तशाच गेमने ऑगस्ट २०२१ मध्येच वापरली होती, सुरुवातीलाच साठ संस्कृती देऊन. तिथेही तीच तक्रार: समोरचा कोण होता आणि आता कोण आहे हेच लक्षात राहत नाही, शत्रूबद्दल राग धरायला चेहरा लागतो. नंतर टुगेदर वी रूल हे एक्स्पान्शन आलं, त्याने राजनयात भर घातली, तक्रार जागच्या जागी. सह्यकडांच्या बाजूने हा पुरावा जास्त वजनदार आहे असं मला वाटतं. सिव्हने निदान नेत्याचा चेहरा कायम ठेवलाय.

ज्यांना वाट बघवत नाही त्यांनी ओल्ड वर्ल्ड घ्या. सिव्ह ४ ची रचना करणाऱ्या सोरेन जॉन्सनचा गेम. फक्त प्राचीन काळ, पण राजा म्हातारा होतो, मरतो, मुलगा नालायक निघतो. इथे आदेश मोजून मिळतात, त्यामुळे दर टर्नला सगळ्या तुकड्या हलवायचा वैताग नाही.

षटकोन

कुणीच एआयबद्दल बोलत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. धर्म आला, हेर आले, ज्वालामुखी आले, मराठेही येतील. संगणकाला समुद्रावरून नीट हल्ला करायला कुठल्या एक्स्पान्शनने शिकवलं? सिव्ह ५ मध्ये तो सैन्य बोटीत भरून माझ्या लढाऊ जहाजांसमोरून रांगेत न्यायचा. सिव्ह ६ मध्ये तटबंदी असलेल्या शहराभोवती घुटमळत बसायचा. अवघड पातळी म्हणजे त्याला नवी शहरं वसवणारे जास्तीचे सेटलर आणि टक्केवारीत बोनस, बस्स. नवीन यंत्रणा आली की ती न समजणारा संगणक आणखी मागे पडतो. गॅदरिंग स्टॉर्मनंतर वीज आणि कोळशाचा हिशेब त्याला कधी जमला का?

मला एक्स्पान्शनमध्ये एकही नवीन संस्कृती नको. आहे तो संगणक शहाणा करा, त्याचे तीस डॉलर घ्या.

जुना_खेळाडू

@षटकोन, ते खोक्यावर छापून विकता येत नाही ना. "नवीन! आता शत्रू बोटी बुडू देत नाही." कोण घेणार?

षटकोन

मी.

कोकणकन्या

मीही. पण चौथं युग सोबत हवं.

सह्यकडा

@कोकणकन्या, चौथ्या युगाच्या दारात पुन्हा संस्कृती बदलायला लावली तर? म्हणजे १९५० मध्ये मराठे टाकून चौथं कोणीतरी व्हायचं. भारत प्रजासत्ताक, बहुतेक.

पेठेतला

ते तर खरंच झालंय की हो.